सामानाजवळ कोण बसणार?

सहल ठरली की आमच्या घरात 'कुठे जायचं' हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर येतो. पहिला असतो, 'सामानाजवळ कोण बसणार?' महाबळेश्वरला घोड्यावर बसायचं असो, गणपतीपुळ्याला समुद्रात उतरायचं असो, नाहीतर ज्योतिबाच्या पायऱ्या चढायच्या असोत, एक माणूस झाडाखाली पिशव्यांमध्ये बसलेलं लागतंच. माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत ते माणूस म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई. स्वतःच्या पिशवीचा बंद त्या मनगटाला दोनदा गुंडाळतात, सगळ्यांच्या चपला पुढ्यात ओढून घेतात आणि म्हणतात, "जा तुम्ही, मी आहे इथे." त्यांनी महाराष्ट्रातली बहुतेक पर्यटनस्थळं पिशव्यांच्या बाजूने पाहिली आहेत.

या एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या आणि डोंबिवलीहून नणंदबाई सहकुटुंब पुण्याला आल्या. त्यांची सई बारा वर्षांची आणि इरा पाच, मध्ये आमचा निनाद, सात. तिघांनी आल्या आल्या एकमताने वॉटर पार्क जाहीर करून टाकलं. भाऊजी लगेच गोराईला निघाले, अर्थात बोलण्यात. वॉटर किंगडम 1998 साली सुरू झालं तेव्हा ते कॉलेजात होते, आणि खाडी लाँचने ओलांडून तिथे गेल्याची गोष्ट ते पाणी दिसेल तिथे सांगतात. पण पुण्याहून गोराईला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हणजे पाण्यापेक्षा घामच जास्त. मग खोपोलीचं नाव निघालं. त्यावर सुट्टीच्या दिवसात घाटात अडकलेल्या प्रत्येकाने आपापला अनुभव सांगितला, आणि ते नावही घाटातच राहिलं. शेवटी तासाभराच्या अंतरावरचं एक पार्क ठरलं. भाऊजींना ते पटलं नाही, कारण वाटेत खाडी नव्हती.

माझा नवरा ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. घरात त्याला तो हुद्दा कोणी देत नाही, म्हणून तो एक्सेल शीट करतो. या शीटला अकरा रकाने होते. त्यातल्या एकाचं शीर्षक 'सनस्क्रीन: कोण, कोणाला, किती वाजता' असं होतं. 'पाणीच पाणी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्यावर शीट पडली, आणि दोन मिनिटांत आईंचा मेसेज आला, "मी सामानाजवळ बसेन." पुढे हात जोडलेले.

मी लिहिलं, "दर वेळी तुम्हीच का? या वेळी मी बसते."

ताईंनी लिहिलं, "वहिनी, तू निनादबरोबर जा. मी बसते."

आणि मग आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जे ग्रुपवर फक्त धरणांचा पाणीसाठा टाकतात, "मी आहेच."

मोठी माणसं सहा, त्यातली चार सामान राखायला तयार. वाचणाऱ्याला वाटेल, काय हे त्यागी कुटुंब! पण खरं कारण त्याग नव्हतं. खरं कारण नायलॉन होतं.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत. त्याला तसं कारण आहे. सुताचे धागे सुटतात, पाण्याबरोबर फिल्टरमध्ये जातात आणि तिथे त्यांचा बोळा होतो. शिवाय भिजलेलं सूत जड होतं आणि घसरगुंडीला चिकटतं. चेन आणि धातूची बटणंही नकोत, फायबरवर ओरखडे पडतात. हे सगळं मला बुद्धीने पटतं. पण गेली पंधरा वर्षं मी कुर्ता नावाच्या तंबूत सुखाने राहते आहे. तो उठवून अंगाला सगळीकडून चिकटणाऱ्या कापडात, भर एप्रिलच्या उन्हात, भाऊजींसमोर जिना चढायचा, याला बुद्धी पुरत नाही. ताईंचंही तेच होतं. दुकानात आम्ही दोघींनी गुडघ्याखालपर्यंत येणारे, पूर्ण बाह्यांचे, काळेभोर सूट घेतले. घरी घालून बघितले तेव्हा ताई म्हणाल्या, "वहिनी, आपण पाणबुडीवरच्या वाटतोय."

मग रात्री जेवताना नवरा सहज बोलून गेला, "सामानाजवळ कोणी बसायची गरजच नाही. तिथे लॉकर असतात."

ताटावरचे चार हात थांबले. आईंचा जरा जास्त वेळ.

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार नावं ते चार जावयांची घ्यावीत तशी घेतात. चौघांत मिळून साधारण 29 टीएमसी पाणी मावतं, पण आप्पा 29.15 म्हणतात, आणि ती 15 शतांश सोडून दिली तर त्यांना राग येतो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते, शनिवार पेठेतल्या वाड्यात. वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ पुढे कित्येक वर्षं होती आणि लहानपणी आपण स्वतःची उंची त्या रेघेशी मोजायचो, असं ते सांगतात. नोकरीत असताना एकदा स्टूल न घेता त्यांचा हात त्या रेघेला लागला, तर त्यांनी ऑफिसातून येताना पेढे आणले होते म्हणे. अशा माणसाला आम्ही गंमत म्हणून पाणी दाखवायला नेत होतो.

आणि उंचीवरूनच तिथे सगळ्यात मोठं नाट्य झालं.

वॉटर पार्कात वय कोणी विचारत नाही. ते एसटीत, जिथे पाच ते बारा अर्धं तिकीट असतं आणि कित्येक मुलं बरीच वर्षं 'बारावं चालू' असतात. वॉटर पार्कात खिडकीशेजारी भिंतीवर एक जिराफ रंगवलेला असतो. या जिराफाच्या मानेवर चार फुटांची रेघ होती. रेघेखाली लहान मुलाचं तिकीट, वर गेलं की पूर्ण. घरच्या दाराच्या चौकटीवर आप्पांनी आदल्या रात्री पेन्सिलने खूण केली होती. निनाद चार फुटाला बोटभर कमी भरला होता. तरीही माझ्या नवऱ्याने, म्हणजे शीटवाल्याने, खिडकीशी गेल्यावर त्याला हळूच सांगितलं, "बूट काढ. आणि जरा सैल उभा राहा." मुलगा इतका सैल उभा राहिला की खिडकीतल्या मुलीने "बरं नाहीये का त्याला?" असं विचारलं. लहान मुलाचं तिकीट मिळालं. बापाच्या चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं समाधान.

आत गेल्यावर निनादला जी पिवळी, नागमोडी, सगळ्यात उंच घसरगुंडी हवी होती, तिच्या जिन्याशी दुसरा जिराफ होता. रेघ तीच, चार फूट. नियम मात्र उलटा, रेघेखालच्यांना वर सोडत नाहीत. निनादने छाती पुढे काढली, टाचा उचलल्या, ओले केस वर उभे केले. बाप म्हणाला, "मान ताठ कर, मान!" शिट्टी गळ्यात घातलेल्या पोराने मुलाच्या डोक्यावर तळहात आडवा धरला, केस खाली बसवले, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी ये रे, भाऊ." अर्ध्या तासापूर्वी ज्या बोटभर उंचीवर आम्ही पैसे वाचवले होते, तेच बोट आता आडवं आलं. निनादने बापाकडे असं बघितलं की जणू तो बाहेर सैल उभा राहिला म्हणूनच आखडून छोटा झाला. आप्पा मात्र खूश. त्यांची पेन्सिलची खूण दोन्हीकडे अचूक निघाली होती.

लॉकरचं सांगायचं राहिलं. तिथे किल्ली रबरी कड्याला लावून देतात, ती मनगटात घालायची. जाताना परत केली की अनामत मिळते. एक लॉकर पुरला नाही म्हणून दोन घेतले. एकाचं कडं नवऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं माझ्या. आई पिशवी द्यायला तयार नव्हत्या. त्यांच्या पिशवीत गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर, लिमलेटच्या गोळ्या आणि वातींचा कापूस असतो. कुठेही बसल्या की त्या वाती वळतात. बहुधा त्या दिवशी सगळ्या पार्कात सूत म्हणावं असं तेवढंच होतं. मी म्हटलं, "आई, आज तुम्ही पिशवी घेऊन बसायचं नाही म्हणजे नाही." फारच आग्रह केला मी. त्यांनी मनगटावरचा बंद सोडवला, पिशवी लॉकरमध्ये ठेवली, आणि दार लागलंय का ते दोनदा ओढून बघितलं. मग मोकळ्या हातांचं काय करायचं ते न कळून पदराचं टोक धरून उभ्या राहिल्या.

आप्पा आल्यापासून हिशेब करत होते. लाटांच्या तलावाची लांबी त्यांनी पावलांनी मोजली. चाळीस मीटर लांब, वीस रुंद, खोली सरासरी मीटरभर धरली, म्हणजे आठशे घनमीटर. "आठ लाख लिटर. दहा हजारी टँकर धरला तर ऐंशी." आमच्या सोसायटीत तेव्हा आठवड्याला टँकर यायला लागले होते, त्यामुळे ऐंशी हा आकडा ऐकून मी पाण्यातून जरा हळू चालायला लागले, जणू त्याने काही वाचणार होतं. "तेच पाणी फिरवतात हो, आप्पा," भाऊजी म्हणाले. ते आप्पांनाही माहीत होतं. खोल टोकाच्या भिंतीमागे कप्पे असतात, त्यात पंख्याने हवा दाबतात, हवा पाण्याला ढकलते आणि लाट निघते, हे त्यांनीच आम्हाला समजावलं. घसरगुंड्यांकडे बघून म्हणाले, "पंपाने पाणी वर चढवायचं आणि खाली सोडायचं. ही उपसा सिंचन योजनाच आहे, फक्त शेत नाही." सईने मोबाइलवर वाचलेलं सांगितलं की अशा पार्काची सुरुवात 1977 साली अमेरिकेत ऑर्लँडोला जॉर्ज मिले नावाच्या माणसाने केली. आप्पा म्हणाले, "पाण्याला कुंपण घालून तिकीट लावलं! आम्ही आयुष्यभर शेतकऱ्यांकडून पाणीपट्टी वसूल करू शकलो नाही."

लाटा सुरू होण्याआधी तिथे भोंगा वाजतो. भोंगा झाला, पोरंटोरं ओरडत पाण्याकडे धावली, आणि काठावर पाय सोडून बसलेले आप्पा उठून तीन पायऱ्या वर जाऊन उभे राहिले. कोणी काही बोललं नाही. इरा मात्र पाण्यातून परत आली आणि त्यांचं बोट धरून तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. दोघांनी सगळ्या लाटा तिथूनच बघितल्या.

माझी घसरगुंडी सांगण्यासारखी नाही. गेले, ओरडले, नाकात पाणी गेलं, आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की माझ्या पाणबुडी-पोशाखाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. जो तो आपलं पोट आत ओढण्यात गुंतला होता. मग मी आणखी चार वेळा गेले.

आईंना आम्ही 'लेझी रिव्हर'वर नेलं. ही संथ वाहणारी गोल नदी असते, टायरमध्ये बसून फिरायचं. नदी हा शब्द ऐकून त्या आल्या असाव्यात. त्या वाईजवळच्या, कृष्णाकाठच्या. पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकल्या आणि चौदाव्या वर्षापर्यंत पोहत होत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पंधरा वर्षं मी समजत होते, यांना पाण्याची भीती वाटते म्हणून या सामानाजवळ बसतात. ताई म्हणाल्या, "आई, मग उतर की! भाड्याने ड्रेस मिळतो." आईंनी पाण्याकडे नीट बघितलं. "हे निळं फरशीमुळे दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि गरम आहे. नको." तरी साडी चिमटीत धरून शेवटच्या पायरीवर वाकल्या आणि नदीवर गेल्यावर करतात तसं, बोटांवर चार थेंब घेऊन डोळ्यांना लावले. पुढच्याच क्षणी क्लोरीनने डोळे चुरचुरले. "अगं बाई, हिला तर शॅम्पू घातलाय," असं म्हणत त्या पदराने डोळे पुसत हसत राहिल्या, मग आम्हीही.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, हा एक्सेल शीटमधला एकमेव रकाना जो घरातल्या बायकांनी वाचलाच नव्हता. सकाळी फाटकावर पिशव्या तपासणाऱ्या माणसाने, "काकी, डबा गाडीत ठेवा," असं इतक्या सरावाने सांगितलं की आमच्या आधी त्याने हजारो डबे परत पाठवले असणार. म्हणून दुपारी हातावर शिक्का मारून घेऊन आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये बघतो तर प्रत्येक गाडीची डिकी उघडी, आणि प्रत्येक डिकीत एक स्वयंपाकघर. आमच्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी. शेजारच्या गाडीत मेथीचे ठेपले, पलीकडे पुलाव. ओल्या अंगाने, वर्तमानपत्रावर उकिडवं बसून माणसं जेवत होती. ठेपलेवाल्या बाईंनी आमच्याकडून कैरीचं लोणचं मागून घेतलं आणि बदल्यात छुंदा दिला. दिवसभरात आई सगळ्यात रमल्या त्या इथे. वाढायला होतं, शिवाय गाडीकडे लक्षही ठेवता येत होतं.

संध्याकाळी निघालो. चप्पल एक कमी भरली, ती इराची. सापडली नाही, पण शीटमध्ये 'गहाळ' असा रकाना असल्यामुळे नवरा शांत होता. आप्पा भाऊजींच्या गाडीत बसले. आमच्या गाडीत निनाद माझ्या खांद्यावर झोपला. त्याच्या केसांना क्लोरीनचा वास येत होता. आई इराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी मधूनमधून मनगटावरची बांगडी फिरवत होते. हात सुजलाय वाटतं, रुततेय, असंही एकदा मनात आलं.

टोलनाका दिसायला लागला तेव्हा इरा जागी झाली. झोपेतच म्हणाली, "आजी, लिमलेटची गोळी."

आईंचा हात सवयीने शेजारी गेला. सीटवर चाचपडला. मग पायाशी. मी बाही वर केली. बांगडीच्या वर, मनगटात घट्ट, पिवळं रबरी कडं होतं, त्याला किल्ली.

नवऱ्याने आरशातून बघितलं आणि काही न बोलता गाडी डाव्या कडेला घेतली. वळायला जागा पुढे किती किलोमीटरवर आहे ते तो मोबाइलवर शोधायला लागला. मी म्हटलं, "आई, चुकलंच माझं."

आईंनी इराच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला. बाहेर बघत म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, मी बसते."