घरट्याचा पत्ता आणि नियम क्रमांक चार

मा. मॉडरेटरसाहेब,



सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन! आपल्या पक्षी-फोटोग्राफीच्या ग्रुपला लागलेली कीड आपण परवा रात्री एका बोटाच्या दाबानं काढून टाकलीत. ग्रुप निघाल्यापासून 'आयडी प्लीज' म्हणणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देणारे, स्वतःचा फोटो क्वचितच टाकणारे आणि कुणालाही 'किलर शॉट सर!' न म्हणणारे काका गेले एकदाचे.

गुन्हाही तसाच गंभीर होता. एका उत्साही सभासदानं तिबोटी खंड्याचा फोटो टाकला. रायगडचा हा जिल्हापक्षी, चिमणीपेक्षाही लहान, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरून अंडी घालतो. फोटो देखणा होता, वादच नाही. चोचीत सापसुरळी, मागे हिरवा मऊ धूसरपणा. खाली गावाचं नाव, ओढ्याकडे वळायची खूण आणि 'हाइडसाठी संपर्क करा'. काकांनी फोटो मोठा करून पाहिला. पक्षी बसलेली काडी नुकतीच तोडून रोवलेली. बिळावरची वेल कात्रीनं छाटलेली. डोळ्यात फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके. त्यांनी लिहिलं की, घास घेऊन आलेला खंड्या समोर माणसं दिसली की बिळात शिरत नाही, काडीवरच ताटकळतो. आपण जिला पोझ म्हणतो ती हीच, आणि तेवढा वेळ आत पिल्लं उपाशी. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणंही येतं.

आपण तत्परतेनं नियम क्रमांक चार काढलात : 'सकारात्मक राहा.' नियम क्रमांक दोन, 'घरट्याचे फोटो टाकू नयेत', आपणच लिहिलेला आहे. पण ज्या फोटोवर लाइक्सचा पाऊस पडतोय त्याला नियम दाखवणं म्हणजे शुभकार्यात शिंकणं. काकांना आधी म्यूट, मग रिमूव्ह. फोटो मात्र 'फोटो ऑफ द वीक' होऊन सगळ्यात वर पिन झाला, गावाच्या नावासकट.

काका गोड बोलत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. 'अडाणीपणा' हा शब्द त्यांनी वापरला, तो टाळता आला असता. आपलं कामही बिनपगारी, घरच्यांची बोलणी खाऊन रात्री दोनशे पोस्टी तपासायचं, हेही मान्य. फक्त काकांनाही कुणी पगार देत नव्हतं.

आणि त्यांच्या जुन्या पोस्टी कशाला उडवल्यात हो? पोस्ट गेली की तिच्याखालची चर्चाही जाते, हे आपल्यासारख्या तंत्रकुशल माणसाला मी काय सांगावं! मोहोळ घार गरुडापासून कशी ओळखायची, यावर तिथे चांगली हाणामारी झाली होती. डोकं कबुतरासारखं लहान, मान लांब, हे काकांनी सभासदांच्याच धूसर, फसलेल्या फोटोंवर बाण काढून दाखवलं होतं. त्या फसलेल्या फोटोंमुळेच तर ते कळायचं. पुस्तकात सगळे पक्षी नीट बसलेले असतात. आता त्या जागी आपलं निवेदन आहे : 'ग्रुप ही एक फॅमिली आहे.' कॉमेंट्स बंद. काही घरांत असंच चालतं म्हणा.

ग्रुप सोडून चाललेल्यांची काळजी करू नका. 'वॉव सर' लिहायला माणसं कमी पडणार नाहीत, आणि ओळख विचारणाऱ्यांना आपण आहातच. काल एका शिक्र्याला आपण 'फाल्कन, नाइस' असं उत्तर दिलंत, ते वाचून ऊर भरून आला.

काकांना परत घ्या, अशी विनंती मी करत नाही. त्यांनी मला तसं बजावलंय. मागणं एवढंच, की त्या पिन केलेल्या पोस्टमधलं गावाचं नाव आणि हाइडवाल्याचा नंबर आज काढा. खंड्याची पिल्लं बिळाबाहेर पडायला साधारण वीस दिवस घेतात आणि फोटोतला घास पाहता ती अजून आतच असणार. शनिवार-रविवार जोडून सुट्टी आलीये. पुण्या-मुंबईच्या गाड्या शुक्रवारी रात्रीच निघतील.

आपला,
हे पत्र आपल्या नजरेस पडेपर्यंतचा सभासद