कानसेन

तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या काकांनी ते मनावर घेतलं, पण मैफल मात्र पार्किंगमध्ये मांडली. कुणाच्याही गाडीत जरा कुरकुर झाली, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालणारे काका तसेच टॉवेलासकट खाली येतात.

त्यांची बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनवरची खरखर ऐकण्यात गेली. त्यामुळे खरखरीवर आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असं ते समजतात. घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे काकूंनी तीनदा विचारूनही त्यांना ऐकू येत नाही, तो भाग वेगळा. स्वतःची गाडी त्यांनी केव्हाच विकून टाकली. स्वतःच्या गाडीचं निदान चुकलं तर खर्च स्वतःला येतो, हे त्यांना फार लवकर कळलं.

माझी गाडी 2004 सालची. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मागच्या सीटखालून आवाज यायला लागला. मी सामान्य माणसाप्रमाणे रेडिओचा आवाज वाढवला. पण काकांनी फाटकाशीच मला हात केला.

"आवाज कसला येतोय रे?"

"जरा कुंईं असा येतोय, काका."

"कुंईं की घूं? नीट करून दाखव. कुंईं आणि घूं यांच्यात चार हजारांचा फरक आहे."

मी करून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा 'कुंईं' करत असताना पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतलेली मी पाहिली. काकांनी निकाल दिला : फॅन बेल्ट. मी बेल्ट बदलला. आवाज तसाच. मग त्यांना चाकाच्या बेअरिंगचा संशय आला. बेअरिंग बदललं. आवाज आता नव्या बेअरिंगसह येऊ लागला. "बघ, एकेक शक्यता कमी होतेय," काका समाधानाने म्हणाले. शक्यता त्यांच्या कमी होत होत्या, पैसे माझे.

चौथ्या रविवारी मात्र त्यांच्यातला कानसेन खरोखर जागा झाला. "इंजिन चालू करू नकोस, नुसती चावी फिरव," ते म्हणाले आणि मागच्या सीटवर कान टेकून आडवे झाले. मी चावी फिरवली. सीटखाली दोन-तीन सेकंद गुणगुण झाली आणि थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. काका उठून बसले. चेहऱ्यावर षड्ज सापडल्याचं तेज.

"फ्युएल पंप!"

इथे त्यांना दाद द्यायलाच हवी, कारण ते बरोबर होतं. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की टाकीतला विजेचा पंप आधी दोन-तीन सेकंद पळून नळीत दाब भरून ठेवतो. इंजिन सुरू झालं नाही तर आपोआप थांबतो. त्या क्षणी बेल्ट फिरत नाही, बेअरिंग फिरत नाही, बोलतो तो एकटा पंपच. ही तपासणी फुकट होती आणि पहिल्या रविवारीही करता आली असती, हे मी बोललो नाही.

मग अर्थातच इतिहास आला. फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या काळात पंप इंजिनलाच चिकटलेला असायचा. पडदा खालीवर व्हायचा आणि कार्ब्युरेटरपुरतं पेट्रोल वर यायचं. वैशाखात बोरघाट चढताना पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून कुटुंबाने दगडावर बसून दशम्या खायच्या. "तेव्हा पंप डोळ्यांना दिसायचा," काका उसासले. 2000 सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि पंप टाकीत जाऊन बुडाला. आता त्याला कानानेच गाठायचं.

निघताना त्यांनी पेट्रोलचं झाकण उघडायला लावलं. हवा सुस्कारा टाकून आत गेली आणि आवाज उतरला, तर टाकीचा श्वास कोंडलाय असं समजायचं. सुस्कारा आला नाही. आला तो काकांचा.

शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. काका रुग्णाच्या थोरल्या काकांसारखे बरोबर आलेच. खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याची मूठ कानाला आणि टोक टाकीला लावून उभे राहिले. मेकॅनिक म्हणजे विशीतला मुलगा. त्याने कान वगैरे लावला नाही. नळीला प्रेशर गेज जोडलं. सुई तीन बारला जायला हवी होती, ती दोनच्याही खाली रेंगाळली. पंपाला पुरेशी वीज मिळतेय का, अर्थिंग ठीक आहे का, हे मीटर लावून पाहिलं. ते ठीक होतं. मग बॅटरीची वायर काढून ठेवली आणि काकांना हात जोडून म्हणाला, "काका, वाफ असते, जरा लांब." काका चार पावलं मागे सरले आणि तिथून मान लांबवून ऐकू लागले.

पंप बाहेर आला. त्याच्या तोंडाशी असलेली जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी काळी पडली होती. पेट्रोल आत ओढताना पंपाचा जीव जात होता आणि तो कण्हत होता, एवढंच.

मुलाने जाळी बदलली, फिल्टर बदलला. सुई तीनवर गेली. हात पुसत तो म्हणाला, "साहेब, टाकीत पेट्रोल किती ठेवता?"

मी ओशाळलो. मी दोनशे रुपयांच्या वर पेट्रोल भरत नव्हतो. काटा तांबड्यात गेल्याशिवाय पेट्रोल पंपाकडे वळत नव्हतो. पेट्रोल हेच टाकीतल्या पंपाचं वंगण आणि तेच त्याचं गार पाणी, असं मुलगा सांगत होता. टाकी सतत कोरडी ठेवली की पंप तापतो, झिजतो आणि ओरडायला लागतो. वर तळाचा गाळही ओढतो.

"हे मी पहिल्याच दिवशी विचारणार होतो," काका म्हणाले.

गाडी आता शांत आहे. दुसऱ्या दिवशी काका खाली आले, बॉनेटपाशी दोन मिनिटं उभे राहिले, काहीच ऐकू न आल्याने हिरमुसून गेले. हल्ली ते तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गाडीत असतात. तिथे 'टकटक' सुरू झाली आहे आणि पहिला संशय बेल्टवर आहे.

त्यांचं निदान मला महागात पडलं, हे खरं. पण मी रेडिओ मोठा करून बसलो होतो तेव्हा त्या गाडीचं कण्हणं ऐकणारा माणूस तो एकच होता, हेही खरं. टाकी मी आता पावाच्या खाली जाऊ देत नाही. काट्याकडे माझं लक्ष असतं आणि गॅलरीतून माझ्याकडे काकांचं.