कोरड्या गावचा जहाजवाला

गिऱ्हाईक असेल तिथेच दुकान थाटावं, असं व्यवस्थापनाचे गुरुजी सांगतात. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी ते ऐकलं नसावं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावच्या या माणसाने भागीदारांसह सिंदिया जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ला तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. गोऱ्या कंपन्यांनी भाडी पाडून पाहिली, तरी सिंदिया अनेक दशकं तरली.

आजच्या सोलापूरकराला धंद्याचे धडे दारातच मिळतात. काही दिवसांआड येणारा नळ खोकतो, हवा सोडतो, गप्प होतो. लगेच गल्लीत टँकर हजर; पाइप टाकीत, पैसे रोख. ना जाहिरात, ना दरयुद्ध. वालचंदांना इंग्रजांशी झुंजावं लागलं. टँकरवाल्याची विक्री नळच सांभाळतो. नफ्यात वाटा न मागणारा असा भागीदार मिळाला, तर कोणाचा धंदा बुडेल?