पवनारचे क्वांटमभाऊ

मंत्रिमंडळाच्या खातेवाटपात रुसवेफुगवे होतात, दिल्लीच्या वाऱ्या होतात. वर्ध्याजवळच्या पवनारात त्याची गरज पडली नाही. क्वांटम तंत्रज्ञान, सायबर सुरक्षा आणि सार्वजनिक पायाभूत सुविधा ही तिन्ही खाती इथे एकाच माणसाने स्वतःहून, बिनविरोध आणि बिनपगारी सांभाळायला घेतली आहेत. त्यांचं खरं नाव आता रेशनकार्डापुरतं उरलंय. रस्त्यावरच्या चहाटपरीपासून धाम नदीच्या काठापर्यंत सगळे त्यांना क्वांटमभाऊच म्हणतात. आधी ते नुसते भाऊ होते. 19 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि त्याच आठवड्यात भाऊंची पदोन्नती झाली.

मिशनची रक्कम त्यांना तोंडपाठ आहे. 6003 कोटी 65 लाख. शेवटचे 65 लाख ते कधीच गाळत नाहीत. टपरीवरच्या स्वतःच्या उधारीचा आकडा मात्र 'असंन दीड-दोनशे' इतका मोघम असतो.

भाऊंकडे दोन मोबाइल आहेत. एकाच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावलेली, 'कोणी पाहू नये' म्हणून. दुसऱ्याचा कॅमेरा फुटलेला, त्यामुळे तिथे पट्टीचा खर्च वाचला. ज्ञानाचा मुख्य स्रोत म्हणजे पुण्यात आयटीत असलेली मुलगी. ती दर रविवारी फोन करते आणि सोमवारी टपरीवर व्याख्यान होतं. आपण सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, क्वांटमशी आपला काडीचाही संबंध नाही, हे तिने बापाला अनेकदा सांगून पाहिलं. भाऊ श्रोत्यांकडे डोळे बारीक करून म्हणतात, "गोपनीय असंन. फोनवर कशी सांगंन ते?"

असे भाऊ आर्वीला असतील, हिंगणघाटलाही असतील. पण पवनारच्या भाऊंना गावाचं पाठबळ जबर आहे. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात, आणि पहिले सत्याग्रही विनोबा भावे. "अन् दुसरे कोण? नेहरू. दुसरे!" भाऊ दोन बोटं वर करतात. इतिहासकार वा. वि. मिराशींनी वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनारच असं मांडलं, हेही त्यांना ठाऊक आहे. वाकाटकांचे ताम्रपट कडीत ओवून त्या कडीवर राजमुद्रा बसवलेली असे. भाऊंच्या मते जगातली पहिली डिजिटल सही हीच. तांब्याच्या पत्र्यात डिजिटल ते काय, असं एका पोराने विचारलं. "मुद्रा तुटली म्हनजे कोनी छेडछाड केली. सायबर सुरक्षा दुसरं काय असते बे?" पोरगा गप्प बसला. खरं सांगायचं तर मीही बसलो, कारण उत्तर तितकंसं चुकीचं नव्हतं.

गावाच्या या पहिलेपणाला एकच गालबोट आहे, ते म्हणजे टेंभली. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पवनारात नाही. ही गोष्ट भाऊंना सख्ख्या भावाने धुऱ्यावरून केलेल्या भांडणासारखी लागते. म्हणून आता ते सावध आहेत. क्वांटम मिशनची चार केंद्रं बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या संस्थांकडे गेली. पाचवं पवनारला व्हावं, अशी त्यांची मागणी आहे. "क्वांटम संगनकाले शांतता लागते. विनोबाच्या आश्रमाएवढी शांतता कोनाकडे हाय?" शांततेचं ठीक आहे. पण अतिवाहक चिपवर चालणाऱ्या या यंत्रांना उणे 273 अंशांच्या अगदी जवळ ठेवावं लागतं, आणि वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. हे लक्षात आणून दिल्यावर भाऊंनी क्षणभर विचार केला. "कूलर लावू."

पायाभूत सुविधा हे खातं त्यांच्याकडे आलं ते शक्तिपीठ महामार्गामुळे. नागपूर-गोवा जोडणाऱ्या या रस्त्याची मूळ आखणी 802 किलोमीटरची, बारा जिल्ह्यांतून जाणारी. तो गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला संपतो आणि सुरू होतो पवनारला. ज्या गावात शून्य किलोमीटरचा दगड येणार, त्या गावाचा माणूस आपोआप महामार्गतज्ज्ञ ठरतो. खर्चाचा तेव्हाचा अंदाज 86,300 कोटी. भाऊ हा आकडा असा सांगतात, जणू त्यातली सुटी नाणी त्यांच्या खिशात आहेत.

आणि इथेच त्यांना क्वांटमची सगळ्यात उत्तम व्याख्या सापडली. सुपरपोझिशन म्हणजे काय, हे चांगल्या चांगल्या प्राध्यापकांना फळ्यावर समजावता येत नाही. भाऊंनी ते चहाच्या एका कटात समजावलं. "शक्तिपीठ हाय का नाई? 2024 मंदी निवडनूक आली, कोल्हापूरवाल्यांनी बोंब मारली, तिकडची अधिसूचना रद्द. 2025 च्या जूनमंदी मंत्रिमंडळानं पुन्हा मंजूर केला, भूसंपादनाले वीस हजार कोटी. मंग आखनी बदलवाची गोष्ट निंगाली. मंग सांगा, हाय का नाई? हायबी, नाईबी. दोनी एकाच टायमाले. जवापर्यंत मोजनी होत नाई तवापर्यंत असंच राह्यते. मोजनी झाली का एक काय ते ठरते." एवढं बोलून ते थांबले आणि हळूच म्हणाले, "म्हनून तं कोल्हापूरवाले मोजनी होऊ देत नाई."

मी भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचली आहेत. याहून नेमकं कुठे वाचल्याचं आठवत नाही.

सायबर सुरक्षेत मात्र भाऊंची गाडी घसरते. त्याला कारण त्यांचा अभ्यास. पीटर शोर नावाच्या गणितज्ञाने 1994 साली दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर आज बँका ज्या कुलपांवर विसंबून आहेत त्यांतली काही तो उघडू शकेल. त्या कुलपांची युक्ती अशी, की दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसता गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधा म्हटलं, तर साध्या संगणकाची हयात जाते. हे पटवून देण्यासाठी भाऊंनी टपरीवर प्रात्यक्षिक घेतलं. वहीत मोठ्या अक्षरात 91 लिहिलं आणि म्हणाले, "याचे तुकडे करून दाखवा. संगनकालेही घाम फुटते."

बाकावर एक म्हातारे कास्तकार बिडी ओढत बसले होते. त्यांनी वर न पाहताच सांगितलं, "तेरा साते एक्क्यान्नव."

भाऊंचा चेहरा उतरला. मग सावरून ते म्हणाले, "पाहा. हल्ला झाला ना? मी काय सांगून राह्यलो?" तेव्हापासून त्या म्हाताऱ्यांना गावात शोरबाबा म्हणतात. जुन्या पाढ्यांपुढे दोन आकडी कुलूप टिकत नाही. खरी कुलपं सहाशेहून जास्त अंकी असतात, हे भाऊंना तेव्हा आठवायला हवं होतं.

त्यांची भीती खोटी नाही, हे नोंदवून ठेवतो. आज कुलूपबंद माहिती चोरून साठवायची आणि यंत्र तयार झालं की उघडायची, या बेताची धास्ती मोठमोठ्या सरकारांनीही घेतली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमलाही दाद न देणाऱ्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली ती याच धास्तीपोटी. प्रश्न एवढाच, की भाऊंकडे चोरण्याजोगं आहे काय?

"काऊन? माह्या सातबारा नाई का? दहा वर्सानं चीननं उघडला तं?"

शेजारच्या पोराने मोबाइल काढला, शासनाचं भूलेखाचं संकेतस्थळ उघडलं, जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक टाकला, आणि चीनच्या दहा वर्षं आधी भाऊंचा सातबारा टपरीवर मोठ्याने वाचला गेला. क्षेत्र किती, विहीर आहे की नाही, आणि इतर हक्काच्या रकान्यातला सोसायटीचा बोजा, रकमेसकट. त्या दिवशी भाऊंनी उधारी चुकती केली. बोजा जाहीर झाल्यावर टपरीवाल्याची नजर बदलली होती.

पासवर्डच्या बाबतीत ते कडक आहेत. दर पंधरवड्याला बदलतात, कुठे लिहून ठेवत नाहीत, मुलीलाही सांगत नाहीत. परिणामी जगातला कुठलाही संगणक त्यांच्या खात्यात शिरू शकत नाही आणि भाऊही शिरू शकत नाहीत. मग वर्ध्याला बँकेत जायचं, रांगेत उभं राहायचं, अंगठा द्यायचा. ओटीपी कोणाला सांगू नये, या विषयावर तर ते तासभर बोलतात. पण गॅसची टाकी घरी आली आणि बायकोचा फोन आला, की पुलाजवळ रेंज कमी म्हणून उभं राहून ओरडतात, "चाऽर! साऽत! दोन नाई वं, नऊ! नऊ!" पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही तो आकडा पाठ होतो.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले, एकूण 94 कोटींच्या वर गेले. ही कथा भाऊ अशी सांगतात, की ते त्या रात्री तिजोरीच्या दाराशी उभे होते असं वाटावं. शेवटी विनोबा येतातच. 1950 च्या सुमारास विनोबांनी परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाशिवाय, स्वतः पिकवून आणि सूत कातून जगायचं. "याले म्हंते सुरक्षा. खातंच नाई तं हॅक काय करंन, चरखा?" सगळे हसले. मग एकाने विचारलं, भाऊ, तुम्ही कधीपासून कांचनमुक्त होता? भाऊ म्हणाले, "मी झालोच हाय. बोजा वाचला नाई का तुमी?"

एवढ्या विद्वत्तेनंतर गावावर जेव्हा खरोखरच हल्ला आला, तेव्हा भाऊ वर्ध्याला बँकेच्या रांगेत होते. गल्लीतल्या एका आजीला व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, घरातून हलायचं नाही, फोन बंद करायचा नाही. कायद्यात अशी अटकच नाही, हे आजीला ठाऊक नव्हतं. तिने सवयीप्रमाणे फोन कानाला लावला होता, त्यामुळे साहेबाला सगळा वेळ फक्त आजीचा कान दिसत होता.

"हलू नका!"

"कुठं हलतो बापा? दोन वर्स झाले, गुडघ्यानं उठू देल्लं नाई मले."

"खात्यात किती पैसे आहेत?"

"ते पोराले मालूम. पोरगा पुन्याले राह्यते. दिवाळीले आला नाई. तू आपल्या मायले भेटाले जातं का नाई?"

पुढे आजीने सुनेचं सगळं सांगितलं, डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, तुरीचं यंदा काय झालं तेही. मध्येच विचारलं, जेवला का. फोन तिकडूनच कापला गेला. अटकेतल्या माणसाने पोलिसाला इतका वेळ धरून ठेवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

भाऊ संध्याकाळी परतले, वृत्तांत ऐकला, आणि रीतसर 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली. हे त्यांनी चोख केलं, श्रेय द्यायला हवं. मग वहीत नोंद केली. मानवी फायरवॉल, वय 78, यशस्वी. आजीला गावातल्या बायकांसाठी प्रशिक्षक नेमावं असा त्यांचा प्रस्ताव आहे. आजी म्हणते, चहाचं कोण पाहणार ते आधी सांग.

सुरक्षेतली एक गोष्ट राहिली, ती म्हणजे गावातली विजेची डीपी. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, त्यामागे परदेशी सायबर हल्ला असावा असा संशय पुढे व्यक्त झाला. हा विषय भाऊ ज्या जागी उभं राहून रंगवतात, तिथेच मागे ही डीपी आहे. तिला झाकण नव्हतं. आत फ्यूजच्या जागी तारा गुंडाळलेल्या, आणि एक बकरी रोज तिच्याशी अंग घासायची. भाऊंच्या बोलण्यात चीन येई, रशिया येई, उपग्रह येत. बकरी कधी आली नाही. शेवटी लाइनमननेच त्यांना थांबवून विचारलं, "भाऊ, हे झाकन लावलं तं तुमच्या सायबरले काई अडचन हाय का?"

भाऊंनी विचार करून परवानगी दिली. पत्र्याचं झाकण आलं, कडी आली, कुलूप आलं. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर टपरीवर चर्चा झाली आणि सुरक्षेच्या कारणास्तव ती भाऊंकडे राहिली. ती कुठे ठेवली आहे, हे ते कोणालाही सांगत नाहीत. गेल्या मंगळवारी रात्री फ्यूज उडाला. लाइनमन शिडी घेऊन उभा, अर्धी वस्ती अंधारात, आणि भाऊ टॉर्चच्या उजेडात स्वतःच्याच घराची झडती घेत होते. लाइन साडेबाराला आली, कुलूप तोडून. तोडायला दगड शोरबाबांनी आणून दिला.