परीक्षेला सूट

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि राज्यभरातल्या गुरुजींच्या घरी पोरांच्या अभ्यासाच्या टेबलावर दुसरी खुर्ची लागली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांच्या नोकरीची पाचाहून जास्त वर्षं उरली आहेत, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. पाचाहून कमी उरलेल्यांना सूट, बढती मागितली नाही म्हणजे झालं. मी या दुसऱ्या गटातला. वयाचा इतका रोख फायदा मला यापूर्वी झाला नव्हता. हल्ली मधल्या सुट्टीत सहकारी माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती आजवर जुनी पेन्शनवाल्यांसाठी राखीव होती. मला तीही आहे, पण ते मी चारचौघांत काढत नाही.

आता एक सांगतो. शिकायला मास्तरांची ना कधीच नव्हती. १९८७ साली ऑपरेशन ब्लॅकबोर्डची पेटी आली, ती आधी कुलपात ठेवायला आणि मग कुलूप उघडायला आम्ही शिकलो. एमएससीआयटीच्या वर्गाला आपल्याच माजी विद्यार्थ्यासमोर बसून माउस धरायला शिकलो. तो बिचारा ‘सर, डबल क्लिक’ म्हणताना उभा राहायचा. २०१९ला दुसरीच्या गणितात त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ आलं. टीव्हीवर आणि विधानसभेत त्यावर काय रणं माजली! वर्गात पोरांनी दोन दिवसांत ते गिळलं. अडचण झाली ती आमच्या शाळेतल्या मॅडमांची. भाजीवाल्याला ‘सत्तर पाच झाले ना?’ म्हणाल्या, तर तो म्हणाला, ‘नाही ताई, पंचाहत्तर.’

मग २०२० उजाडलं. शाळेला टाळं, आणि फळ्यावर अक्षर मोत्यासारखं काढणारी माणसं स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभी. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं जे काम केलं, त्यासाठी त्यांना त्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. आम्हाला अभिमान वाटला, आणि गावातल्या पालकांना आमच्याबद्दल शंकाही वाटू लागली. आमच्याकडे कोड पुस्तकात असे, पुस्तक पोराकडे, आणि मोबाइल बापाबरोबर रानात. शेवटी मॅडमांनी धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. बाप संध्याकाळी गोठ्यात धार काढताना ऐकवी. दोन-तीन बापांच्या कविता अजून पाठ आहेत.

यातलं काहीही शिकताना कुणी कुरकुर केली नाही असं नाही. कुरकुर हा आमचा परिपाठच आहे. पण शिकलो. आता घोडं अडलंय ते दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास आणि गोल काळे करणं इथे. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३पासून होते. त्याआधी लागलेल्यांचा तिच्याशी संबंध यायचं कारण नव्हतं.

मॅडमांची तयारी मी रोज बघतो. यूट्यूबवरचा कोवळा सर दुप्पट वेगानं बालमानसशास्त्र सांगत असतो आणि मॅडम वहीत समास आखून टिपणं काढतात. परवा पियाजे चालला होता. रुंद भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की लहान मुलाला ते जास्त वाटतं. पाणी तेवढंच आहे हे साधारण सात वर्षांनंतर उमगतं. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या खिचडीचं भांडण! पहिलीतला एक पठ्ठ्या रोज शेजारच्याच्या ताटलीकडे बघून रडायचा. त्याच्या उभट डब्यात तेवढीच खिचडी असे, पण ताटलीत ती पसरलेली दिसे. मॅडमांनी एक दिवस मुकाट्यानं त्याला ताटली दिली, पळीनं खिचडी कडेपर्यंत सारवली, रडणं बंद. स्वित्झर्लंडच्या पियाजेचं नावही त्यांनी तेव्हा काढलं नव्हतं. सराव परीक्षेत मात्र याच प्रश्नाला त्यांनी ‘मूर्त क्रियात्मक अवस्था’ला गोल केला आणि गुण गेला. उत्तर त्याच्या आधीची अवस्था होतं. मी खिचडीची आठवण दिली तर म्हणाल्या, ‘पर्यायांत खिचडी नव्हती.’

मला विचाराल तर अशी एखादी परीक्षा वाईट नाही; ती नोकरीच्या मध्यावर नोकरीच पणाला लावून घ्यावी का, याबद्दल माझं मत वेगळं आहे. पण सूट मिळालेल्यानं फार बोलू नये.

२३ नोव्हेंबरला मॅडम पेपर देऊन आल्या. ‘पेपर सोपा होता, तुम्हीच अभ्यास केला नाही,’ हे वाक्य चौथीच्या प्रत्येक तुकडीनं ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्या सोमवारी दारातच म्हणाल्या, ‘वेळ पुरला नाही हो. आणि गणित तर सिलॅबसबाहेरचंच.’ पहिल्या बाकावरच्या पोरीनं कान टवकारले.

‘बाई, किती पडतील?’

‘निकाल लागायचाय अजून. पाढे म्हण.’

‘बाई, पण तुम्ही पेपर तपासून बघितला होता का, द्यायच्या आधी?’