अळी बुडवण्याचे प्रयोग

सांगतो, पण चहा पिता पिता ऐका, आणि आमच्या घरी विषय काढू नका.

तीस वर्षं मी पोरांना आर्किमिडीज शिकवला. वस्तू का बुडते, का तरंगते, यावर माझ्याइतकं अख्ख्या झरी जामणी तालुक्यात कुणी बोललं नसेल. म्हणूनच निवृत्तीनंतर कोलोरॅडोच्या पुतण्याने ट्राउट धरायची काठी पाठवली तेव्हा मी फक्त माशापुरताच घाबरलो. "अरे, ट्राउट थंड पाण्यातला. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी आली तीही काश्मिरात. आमच्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्यात चहा होतो!" तर म्हणतो, "काका, तुमच्या गावाच्या नावातच झरा आहे. मासा कोणता का असेना, खरी गंमत अळी बुडवण्यात आहे."

ही अळी म्हणजे निम्फ. पाण्यातल्या किड्यांची पिल्लं तळच्या दगडांना धरून असतात आणि ट्राउट बहुतेक वेळा तीच टिपतो. म्हणून गळाच्या आकड्यावर पिसं गुंडाळून त्यांची नक्कल करायची आणि ती तळापासून जेमतेम वीतभर वर, पाण्याच्याच चालीने वाहू द्यायची. इंग्लंडात फ्रँक सॉयर नावाचा नदीचा एक राखणदार होता, त्याने फेझंटच्या शेपटीची पिसं दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने बांधली. बांधणीही झाली, वजनही आलं. आता फेझंट कुठून आणू? पण कोंबडाही त्याच कुळातला, एवढं विज्ञानाच्या मास्तरला माहीत असतं. शेजारच्या कोंबड्याला ते नातं मान्य नव्हतं, त्याच्या खुणा माझ्या मनगटावर आहेत. तार माळ्यावरच्या जळक्या पंख्यातून काढली.

पंखा जळका नव्हता, हे मार्चमध्ये कळलं.

शिवाय पुतण्याच्या पाकिटात टंगस्टनचे मणी होते, शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट जड, अळीच्या डोक्याशी ओवायचे. त्यातला एक स्वयंपाकघरात हरवला आणि त्याच रात्री तुरीच्या वरणात, बरोब्बर माझ्या वाटीच्या तळाशी सापडला. दाढेला. नेमक्या खोलीवर पोहोचलेला माझा तेवढा एकच मणी.

मग सराव. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मी आठ दिवस अळ्या बुडवल्या, हातातल्या घड्याळावर सेकंद मोजले, वहीत तक्ता केला. बायको भांडी घेऊन यायची, तक्त्याकडे बघायची आणि काही न बोलता परत जायची, आणि ते न बोलणं मी उत्तेजन समजत होतो. हौदाचं पाणी वाहत नाही, ही बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात पैनगंगेवर गेल्यावर आली.

नदीचं पाणी वर पळतं आणि तळाशी रेंगाळतं, कारण तळाला दगडगोटे त्याला धरून ठेवतात. दोरीवरचा नारिंगी तरंगा वरच्या पाण्याबरोबर सुटला की तो अळीलाही ओढत नेतो, आणि बिचारी अळी हळूहळू वर येते. यावर उपाय पुतण्याने सांगितला होता: पाण्यावरची सैल दोरी मनगटाच्या झटक्याने प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकायची. मी झटका दिला. पहिल्यांदा टोपी गेली. दुसऱ्यांदा बाभळीची फांदी आली. तिसऱ्यांदा तरंगा, मणी, कोंबडा, पंखा असं सगळं मिळून पाण्यात डुंबणाऱ्या एका म्हशीच्या गळ्यातल्या दाव्यात जाऊन बसलं.

म्हैस पलीकडची होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरी निघाली. चाकावरची दोरी कुरकुरत संपत आली, मी काठी धरून गुडघाभर पाण्यात, आणि माझी अळी राज्याची हद्द ओलांडून तेलंगणात. दोरी तुटली तेव्हा मी बसलो. पाण्यातच.

"गुरुजी, काऊन बसले जी पान्यात?"

हा माझा जुना विद्यार्थी. घनतेच्या धड्याला मी त्याला बाकावर उभा केला होता. त्याच्या हातात बांबूची काठी आणि दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. त्याने गरीला एक खडा बांधून पाण्यात सोडला. धांडा बुडाला, त्याने तो दोरीवर वर सरकवला. पुन्हा सोडला, धांडा आडवा पडला, तो थोडा खाली घेतला. मग धांडा पाण्यात ताठ उभा राहिला, तशी त्याने खडा सोडून गांडूळ लावलं. "पयले पानी मोजा लागते. तुमची गरी वरच्यावर नाचून रायली होती, अन् मासा खाली हाये."

अर्ध्या तासात त्याने दोन मरळ काढले. मी वही काढली आणि लगेच परत खिशात घातली.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला. म्हशीच्या मालकाने तो नारिंगी तरंगा सोडूच दिला नाही म्हणे. गळ्यात आल्यापासून म्हैस अर्धा लिटर दूध जास्त देते, अशी त्याची खात्री झालीय. मी खोलीचा विषय काढणार, तेवढ्यात तो दारातच घुटमळला.

"गुरुजी, अजून एक हाये का? त्याच्या दुसऱ्या म्हशीसाठी."