तुमचा डावा पाय काढा, सर

सर,

तुमचे नाव मी लिहिणार नाही, तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलचेही नाही. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही गावी हे पत्र वाचले गेले तरी वाचणाऱ्यांपैकी कुणाला ना कुणाला आपले सर आठवतील. माझा राग त्यावरच आहे.

माझी भाची तुमच्याकडे गाडी शिकली. फी पूर्ण भरली, सकाळी सांगितलेल्या वेळी चौकात उभी राहिली, यथावकाश पक्के लायसन्स हातात आले. मग एकदा अकोल्याहून एकटी परत येताना ती पातूरच्या घाटात अडकली. पुढे पोत्यांनी भरलेला ट्रक थांबला होता, मागे एसटी. ट्रक हलला, हिने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली, पुन्हा तेच. मग ब्रेकवरचा पाय रेसवर नेण्याच्या गडबडीत गाडी मागे घसरू लागली. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, हँडब्रेक वढा आधी, घाबरू नका," आणि मागच्या गाड्या त्याने थांबवून धरल्या. म्हणून निभावले. घरी आल्यावर मी तिला विचारले, चढावर गाडी उचलायला शिकवलेच नाही का? ती म्हणाली, "मावशी, क्लच तर सरच दाबायचे."

हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

शिकवण्याच्या गाडीत तुमच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तो असलाच पाहिजे असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. अचानक गाय आडवी आली, शिकणारा गोंधळला, तर तुम्हाला गाडी थांबवता यावी यासाठी ती सोय आहे. तुम्ही ती वेळ वाचवायला वापरता. गाडी बंद पडली की दोन मिनिटे जातात, पुढच्या चौकात दुसरा विद्यार्थी ताटकळलेला असतो, वर क्लच प्लेट झिजली की खर्च तुमचा. त्यामुळे प्रत्येक वेळी तुमचाच डावा पाय खाली जातो आणि अलगद वर येतो. शेजारची मुलगी समजते, आपल्याला जमले. तिच्या पायाला काहीच कळलेले नसते. पोहायला शिकवताना शेवटच्या दिवसापर्यंत पोटाखाली हात धरून ठेवायचा आणि नंतर पोराला एकटे विहिरीत पाठवायचे, तसे हे आहे.

तुम्ही तिच्यापासून काय हिरावून घेतले ते सांगते. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील सतत फिरत असते आणि उभ्या गाडीची चाके थांबलेली असतात. या दोघांची गाठ घालून देते ती क्लच प्लेट. पेडल पूर्ण दाबले की प्लेट सुटी होते, पूर्ण सोडले की प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर घट्ट आवळते. या दोन टोकांच्या मध्ये थोडीशी जागा अशी असते, जिथे प्लेट घासत घासत वेग घेते. तोच आपला हाफ क्लच. तिथे पाय पोचला की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटते, सीटखाली बारीक थरथर येते. हे तोंडी सांगून कळत नाही. तळपायाला कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी गाडी बंद पडावी लागते. गाडी बंद पडली म्हणजे पाय घाईने उठला, एवढाच निरोप इंजिन देत असते. तो निरोप तुम्ही तिच्यापर्यंत कधी पोचूच दिला नाही.

आणि यातला आनंद! दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकताना रेस सोडणे, क्लच दाबणे, दांडा सरकवणे आणि पाय उचलणे या चार गोष्टी एका लयीत आल्या की आतल्या माणसाला गिअर बदलल्याचे कळतही नाही. शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून पहिल्या-दुसऱ्यावर गाडी काढावी, मोकळा रस्ता लागला की चौथ्यावर न्यावी, घाटाच्या पायथ्याशी आवाज जड झाला म्हणून आपण होऊन तिसऱ्यावर यावे. यंत्र आपल्याशी बोलते आणि आपण त्याला उत्तर देतो. मला गाडी चालवण्यातले दुसरे कुठलेही सुख याच्याएवढे वाटत नाही. ते सुख तिने पैसे मोजून तुमच्याकडे मागितले होते.

कायदाही तेच मागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून वाचा. टॉप गिअरपर्यंत सगळे गिअर टाकत गाडी सुरळीत नेता आली पाहिजे, उतारावर चटकन खालचा गिअर घेता आला पाहिजे, आणि तीव्र चढावर थांबून, हँडब्रेक किंवा रेस-ब्रेकचा नीट उपयोग करून, गाडी जराही मागे न जाता पुन्हा निघाली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. नियम ३१ प्रमाणे खासगी गाडीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवरचे किमान १० तासांचे हवे. त्या तासांची नोंद फॉर्म १५ च्या वहीत होते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये केंद्राने हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवडे आणि २९ तासांचा ठरवला. दोन-तीन विद्यार्थी मागच्या सीटवर बसवून एकेकाला गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर थोडे थोडे चालवू देणे या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

तिने तक्रार केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या." हे वाक्य तुम्ही मुलांना म्हणत नाही. ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्तातल्या गाड्यांतही क्लच पेडल नसलेला पर्याय मिळू लागला, आणि ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना रोज शहरातल्या गर्दीत अडकायचे आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. पण कारच्या लायसन्सवर आपल्याकडे गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगळी नोंद नसते. तेच लायसन्स दाखवून ती उद्या घरची जुनी बोलेरो बाहेर काढणार. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दारात जी गाडी उभी असेल तीच चालवावी लागते, आणि ती बहुतेक गिअरचीच असते.

इथे तुमचा गुन्हा मला सर्वांत मोठा वाटतो. आपल्या जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरचा क्लच शिकतो. वावरात गाडी बंद पडली तरी त्याला कुणी हसत नाही, मागून हॉर्न वाजत नाही. तुमच्याकडे येतो तेव्हा त्याचा पाय तयार असतो, तुम्ही शिकवले नाही तरी त्याचे अडत नाही. मुलीला ते स्टिअरिंग कुणी दिलेले नसते. तिच्यासाठी बंद पाडायची हक्काची गाडी एकच, तुमची. तीही तुम्ही तिला बंद पाडू दिली नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही तिला शिकवली, ती विसरायला लावायला मला फार कष्ट पडले. उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचते! आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की इंधन जाणेच थांबते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला इंधन जाळावे लागते. शिवाय गिअर काढला की गाडीला आवरून धरणारे इंजिन बाजूला होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाट मोठा असेल तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. कुणी चावीच बंद केली तर ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत दोन-चार वेळा पेडल दाबताच संपते. घाट ज्या गिअरने चढायचा, त्याच गिअरने उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. तुम्ही शिक्षक असून याच्या उलटे सांगता.

समृद्धी महामार्ग आल्यापासून क्लचचे काय काम, असेही तुमच्याकडे बोलले जाते. समृद्धीवर पाचवा गिअर टाकला की दांड्याला हात लावावा लागत नाही, हे खरे. पण तिथवर पोचायला गावातून निघून बैलगाड्या, ट्रॅक्टर, गतिरोधक आणि पुलांचे चढ पार करूनच यावे लागते.

भाची आता शिकली आहे. वावराकडे जाणाऱ्या पांदीवर तिला पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, फक्त क्लच उचलून गाडी रांगवायला लावली. ती बंद पाडत राहिली आणि मी गप्प बसून राहिले. पुढे धुऱ्याजवळच्या चढावर हँडब्रेक ओढून उभे राहायचे, हाफ क्लचवर गाडीने जोर धरला की मगच हँडब्रेक सोडायचा, हे सुरू केले. गाडी मागे न सरकता वर गेली तेव्हा ती मोठ्याने ओरडली. तो आनंद तिला तुमच्या गाडीत व्हायला हवा होता, सर.

तुमच्याकडे उद्या सकाळी नवी विद्यार्थिनी येईल. तुमचा डावा पाय पेडलपासून बाजूला ठेवा. गाडी बंद पडू द्या, पुन्हा सुरू करू द्या, चिडू नका. तिला एकदा तरी चढावर न्या. फी वाढवावी लागली तर वाढवा, पण पूर्ण शिकवा.

आणि हे वाचणाऱ्या, गाडी शिकायला निघालेल्या ताई-दादांनो, पहिल्याच दिवशी सरांना सांगा की क्लच मी दाबणार. १० तास स्वतः गाडी चालवून झाल्याशिवाय त्यांच्या वहीत सही करू नका.

आपली,
तुमच्या एका विद्यार्थिनीची मावशी, वाशिम